जिल्हा मन्नार, मुक्काम दम्माम

कोकणातला माणूस परक्या मुलखात दुसऱ्या कोकण्याला भेटला की आधी नाव विचारत नाही. तालुका विचारतो. मग गाव, मग मोहल्ला. नावाची वेळ शेवटी येते, कधी येतही नाही. सौदीत दम्मामला आम्ही एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या माडीवर राहायचो. एका खोलीत खेडचे, दुसरीत आम्ही श्रीवर्धन-म्हसळ्याचे, आणि तिसरीत उरलेले सगळे. या उरलेल्यांत नाना होता.

नाना श्रीलंकेचा मुसलमान, हाडाचा मिस्त्री. त्यांच्यात थोरल्या भावाला नाना म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायचो. हिंदी मोडकं बोलायचा, पण सगळं कळायचं.

मी गावाकडे पत्रकं काढायचो. आमची तालुक्याची कचेरी खाडीपलीकडे होती. साध्या दाखल्यासाठी बायामाणसांना होडीतून जावं लागे, आणि तिथे साहेब नाही म्हणून परत यावं लागे. आमच्या भागाचा वेगळा तालुका करा, एवढीच मागणी होती. त्यासाठी हँडबिलं वाटली, रस्ता अडवला, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या. शेवटी बापाने विसा काढला. म्हणाला, "तिथे तरी तोंड बंद ठेवशील." त्याचा अंदाज चुकला.

हे सगळं मी नानाला सांगितलं तेव्हा तो हसला आणि वर्कशॉपच्या फरशीवर त्याने खडूने आपलं बेट काढलं. आत रेघा मारल्या. नऊ प्रांत, पंचवीस जिल्हे. प्रत्येक जिल्ह्याला कचेरी. हो, कचेरीच म्हणतात ते. खाली विभाग, आणि सगळ्यांत खाली ग्रामसेवक.

"मेल्या, ग्रामसेवक तिथेपण?" खेडवाला ड्रायव्हर म्हणाला. "सापडतो का कधी?"

"सही हवी असली की नाही सापडत," नाना म्हणाला.

वर, उत्तर प्रांताच्या पश्चिमेला त्याने एक ठिपका काढला. मन्नार. त्याचा जिल्हा. मुख्य बेटाला पुलाने जोडलेलं छोटं बेट. तिथे बायको आणि दोन मुली. त्या मुलखात कितीतरी वर्षं लढाई चाललेली. कुणी म्हणत होतं, उत्तर आणि पूर्व हे दोन प्रांत आमचे, एकत्र करा. कुणी म्हणत होतं, एक इंचही देणार नाही. मधल्या मधे माणसं मरत होती. नाना एवढंच म्हणायचा, "रेघ कुठेही ओढा. माझी होडी तिथेच आहे."

त्याच दिवसांत आमच्या उत्तरेला एका देशाने शेजारचा अख्खा देश गिळला आणि हा आमचा प्रांत, असं जाहीर करून टाकलं. मी तर म्हणतो, ही चोरांची जुनीच रीत आहे. आधी शिरायचं, मग नकाशा काढायचा. आम्ही राहत होतो तो सौदीचा पूर्व प्रांत, त्या गिळलेल्या देशाला लागून. बंदरात लष्करी जहाजं लागू लागली. दुकानातली चिकटपट्टी संपली, कारण विषारी वायू येईल म्हणून जो तो खिडक्या चिकटवत होता. पैसेवाले घराला कुलूप लावून पश्चिमेला जेद्दाकडे निघाले. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा विसा तो अरब मालक, तोही बायकापोरांसकट गेला. जाताना आमचे सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन गेला. सुरक्षित राहावेत म्हणे. पासपोर्ट सुरक्षित, माणसं इथे.

मग एका संध्याकाळी नाना रेडिओजवळून उठला तो भिंतीला टेकूनच बसला. मन्नारमध्ये बंदूकवाल्यांनी भोंग्यावरून सांगितलं होतं, सगळ्या मुसलमानांनी जिल्हा सोडायचा. नुसतं गाव नव्हे, जिल्हा, आणि सगळा उत्तर प्रांत. घर, भांडी, होडी सगळं तिथेच ठेवून. लोक समुद्राने दक्षिणेला पुत्तलमकडे, म्हणजे पलीकडच्या प्रांतात, निघाले होते. बंदूकवाले त्याच्याच भाषेत बोलणारे, शेजारच्या गल्लीतले.

"तुझी माणसं पोचली का?" आम्ही विचारलं.

"होडी कुणाची मिळाली ते कळलं पाहिजे. या दिवसांत समुद्र वाईट असतो."

कळायचं कसं? मन्नारचे फोन बंद होते. मला आमचीच पद्धत सुचली. दम्मामच्या बाजारात शुक्रवारी नमाज झाली की आमचे लोक तालुक्याप्रमाणे उभे राहतात. खेडचे कॅसेटच्या दुकानापुढे, महाडचे भांडीवाल्याच्या पायरीवर. गावची बातमी तिथे मिळतेच. कुणी मेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सासू रुसली, सगळं. श्रीलंकेचे लोकही बाजाराच्या टोकाला एका चहावाल्यापाशी जमायचे. मी नानाला घेऊन गेलो आणि सभेत ओरडतात तसा ओरडलो, "मन्नारचे कोण आहेत? उत्तर प्रांताचे कोण?"

आमच्याकडे तालुका पुकारला की दहा माणसं धावून येतात. इथे दहा माणसं बाजूला सरली. दोघांनी चहा अर्धा टाकला आणि गेले. एकाने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुला कशाला हवेत?" नानाने माझा सदरा मागून ओढला. त्या चहावाल्यापाशी त्या बेटावरचे सगळ्या बाजूंचे लोक उभे होते, आणि जिल्ह्याचं नाव घेतलं की माणूस कोणत्या बाजूचा हे लगेच ठरत होतं. जिल्हा ओळखीसाठी असतो की निशाण्यासाठी? मी तिथेच तावातावाने बोलायला लागलो होतो. चष्मा लावलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने मला गप्प केलं.

"भाषण गावी दे, पोरा. आणि मन्नार पुकारू नको. मन्नारचा माणूस आता मन्नारला नाही. पुत्तलमचा कोण, असं विचार."

"पुत्तलमचा कोण?"

"मी," शिंपी म्हणाला.

त्याच्या गावच्या नारळाच्या बागेत हजारो माणसं झावळ्यांच्या झोपड्यांत पडून होती. त्यांनी तिथेही आपापल्या जुन्या गावाप्रमाणे वेगळाल्या आळ्या केल्या होत्या. शिंप्याने नानाच्या बायकोचं आणि सासऱ्याचं नाव विचारून घेतलं, भावाला फोन करून शोधायला सांगतो म्हणाला.

उत्तर यायच्या आधी लढाई सुरू झाली. भोंगा झाला की आम्ही तिन्ही खोल्यांतले एकाच खोलीत कोंबले जायचो, दाराच्या फटीत ओले टॉवेल. गॅसचे मुखवटे साहेब लोकांना मिळाले होते, आम्हाला टॉवेल. क्षेपणास्त्र वर फुटलं की काचा थरथरायच्या. सगळे कलमा पुटपुटायचे. नाना मात्र हातातला पाना फिरवत बसायचा. त्याला भीती नव्हती असं नाही, पण त्याची भीती दुसऱ्याच समुद्रावर होती.

मग उत्तरेकडून धूर यायला लागला. तेलाच्या विहिरी पेटवल्या होत्या. भर दुपारी सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. अशाच एका दुपारी शिंपी धापा टाकत वर आला.

"सापडल्या. बायको, दोन्ही मुली. पण धाकटीला ताप आहे, उतरत नाही. आणि तिथली कचेरी म्हणते, तुमची नोंद मन्नारला, इथलं रेशन तुम्हाला कायमचं लागू नाही."

नानाने खाली बसून बुटाचे बंद बांधले. त्याला जायचं होतं, आजच.

मी त्याच्याबरोबर कफीलच्या ऑफिसात गेलो. मुन्शी टेबलाखाली बिछाना घालून बसला होता.

"पासपोर्ट?" मी विचारलं.

"जेद्दाला. अझीझिया मोहल्ल्यात कफीलच्या नव्या घरी."

"मग नानाने तिकडे जाऊन घ्यावा."

"जाऊ शकतो. पण प्रांत ओलांडायला कफीलच्या सहीचा कागद लागतो. नाहीतर चौकीवर उतरवतात."

"तो कागद कुठे मिळेल?"

"कफीलकडे."

"आणि कफील जेद्दाला."

"माझ्याशी का भांडतोस, भाई? ही लढाई मी लावली का?"

कफीलला फोन लावला. तो लढाईच्या आवाजाने बेजार झाल्यासारखा बोलत होता, आणि जेद्दाला तर लढाईचा आवाजच नव्हता. म्हणाला, "खलास, लढाई संपल्यावर बघू." मी ओरडत राहिलो आणि फोन तिकडून ठेवला गेला. मला आजही त्या फोनवर थुंकावंसं वाटतं. एका बेटावर बाईला सांगतात, तुझा जिल्हा हा नव्हे. इकडे तिच्या नवऱ्याला सांगतात, या प्रांतातून हलू नको. दोन्हीकडे टेबल, दोन्हीकडे शिक्के, आणि मधे तापाने फणफणलेलं पोर.

खेडवाला ड्रायव्हर पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक घेऊन रियाधला जायचा. तो म्हणाला, "नाना, बस बाजूला. लढाईत कोण विचारतो? रियाधला बत्ह्याच्या बाजारात सोडतो, तिथून जेद्दाची गाडी धर." मला ते पटलं नव्हतं. पण दुसरं काय होतं माझ्याकडे? हँडबिल? सकाळी नाना निघाला. पिशवीत दोन सदरे, मुलीसाठी तापाच्या गोळ्या आणि संत्र्यांची थैली. आम्ही म्हणालो, सांभाळून. तो म्हणाला, "यल्ला, चला," आणि आमच्यासारखंच हसायचा प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर एकटाच परतला. प्रांताच्या हद्दीवरच्या चौकीवर शिपायाने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पाहिला, कफीलच्या सहीचा कागद मागितला, नानाला खाली उतरवलं. ड्रायव्हरने हात जोडले, पाण्याची पेटी पुढे केली. शिपाई रागावला नाही. त्याने पेटी परत ट्रकवर ठेवली आणि ड्रायव्हरला हाताने पुढे जायची खूण केली. आरशात नाना एका पत्र्याच्या खोलीकडे चालताना दिसला. थैली त्याच्या हातात होती.

लढाई संपली. कफील परत आला, हॉर्न वाजवत. मी त्याच्यापुढे उभा राहिलो. तो म्हणाला, पळून गेलेल्या माणसाला मी जबाबदार नाही. दम्मामच्या पोलिसांकडे गेलो, ते म्हणाले, चौकी आमच्याकडे येत नाही, रियाधला विचारा. रियाधला एका ओळखीच्या मराठी डॉक्टरांकरवी विचारलं. उत्तर आलं, हा माणूस पूर्व प्रांताचा, दम्मामला विचारा. मी अजून विचारतोच आहे. फार विचारतो म्हणून लवकरच मलाही गावी परत पाठवतील, तशी तयारी चाललेली दिसते.

परवा शिंपी भेटला. त्याच्या भावाचा फोन आला होता. नानाची बायको रोज त्या भावाच्या दारात येऊन उभी राहते.

"तिला काय सांगू?" शिंप्याने विचारलं.

"सांग, निघालाय."

शिंप्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. "ते मी तिला लढाई चालू असतानाच सांगितलंय."