जाहीर होण्याआधीचा रविवार

दादा कंपनीत अकाउंटंट होता. सहामाही निकाल तोच तयार करायचा. यंदा त्याला आकड्यांखाली एक टीप लिहावी लागली: कंपनी रंगकामाचा विभाग बंद करणार. त्याच विभागात धाकटा भाऊ फोरमन होता. पण संचालकांनी निकाल जाहीर करेपर्यंत ब्र काढायची सोय नव्हती.

रविवारी धाकटा जेवायला आला. "दादा, दुसऱ्या कारखान्याने बोलावलंय. उद्या नाही म्हणून कळवतो. इथं काय वाईट आहे?"

दादाने उचललेला घास ताटात परत ठेवला. "घाई कशाला करतोस," तो कसाबसा म्हणाला.

"तू म्हणजे ना, भित्राच!" धाकटा हसला आणि सोमवारी नकार कळवून मोकळा झाला.

गुरुवारी निकाल जाहीर झाले. धाकटा दादाच्या दारातच उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

दादाने मान खाली घातली. धाकटा जिना उतरला. त्यानंतर दोघे भाऊ भेटले ते थेट आईच्या अंत्यविधीलाच.