जाळीवरचं सनपॅक

क्रांती चौकाजवळच्या आमच्या दुकानात फलक बनतात. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली. फलकाला मागून जो प्लास्टिकचा ताव लागतो त्याला सगळे सनपॅक म्हणतात. दोन पातळ थर आणि मध्ये शेजारी शेजारी नळ्या. छपाई बिघडली की ताव वाया जातो, आणि असे वाया गेलेले ताव मी थोरल्या भावासाठी कोपऱ्यात उभे करून ठेवायची. अजूनही ठेवते. तो आता नेत नाही, पण टाकून द्यायला माझा हात उचलत नाही.

दादा वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, राहायला मुकुंदवाडीत. माय मात्र खुलताबादजवळच्या आमच्या गावी. अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, हट्ट तेवढा धडधाकट राहिला. शहरात येणार नाही म्हणजे नाही. "मरायला तिकडं कशाला येऊ? इथं मरता येत नाय व्हय?" असं तिचं उत्तर. शेजारी चुलती होती, ती दिवसभर तिचं सगळं करायची. पण संध्याकाळचा घास माय दादाच्याच हातून घ्यायची. मी भरवायला गेले तरी ओठ घट्ट मिटून बसायची. मला राग यायचा त्याचा. पोटची पोर मीही होते.

म्हणून दादा कामावरून सुटला की रोज गावी जायचा, मायला दूध-भाकर भरवायचा आणि मुकुंदवाडीला परतायचा. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी त्याची गत. एसटीनं जावं तर रात्री परतीची गाडी नाही. त्याची स्वतःची चारचाकी गाडी जुनी, आधी दोघांनी वापरून विकलेली, आणि पेट्रोलला अधाशी. तेव्हा त्यानं मोबाइलवर कुठल्या परदेशी माणसाचे व्हिडिओ पाहिले. वारा गाडीला पुढून अडवतो, खालून घुसतो, चाकांपाशी घुटमळतो. त्याला वाट करून दिली की पेट्रोल कमी लागतं. "वारा अंगावर घ्यायचा नाय, बाई. त्याला बाजूनं जाऊ द्यायचं," असं तो मला समजावून सांगायचा.

गाडीचा त्याला अभ्यास, प्लास्टिकचा मला. नळ्या लांबीला ठेवायच्या, आडव्या ठेवल्या तर वाऱ्यानं ताव वाकतो. घडी पाहिजे असेल तर वरचा एकच थर कटरनं कापायचा आणि खालचा बिजागरीसारखा राहू द्यायचा. एवढं मी त्याला शिकवलं, आणि बाकी सगळं त्यानं माझ्याकडूनच करून घेतलं. गाडीच्या पोटाखाली आम्ही अख्खे ताव बसवले. सायलेन्सरजवळ पहिला ताव वितळला, त्याचा वास आठवडाभर गेला नाही. मग तिथं पत्रा लावला. मागच्या चाकांवर झाकणं केली. छापील बाजू आत, पांढरी बाहेर.

त्यातल्या डाव्या झाकणाचं एक टोक सुटायचं आणि गाडी पळाली की फडफडायचं. "दादा, ही गाडी हाय का लग्नाचा मांडव?" मी चिडवायची. पण गावच्या वळणावर गाडी आली की मायला ती फडफड ऐकू यायची. "आला," ती चुलतीला सांगायची, "भाकर कुस्कर." हे कळल्यावर दादानं ते टोक कधी घट्ट केलं नाही.

थंडीत तो पुढच्या जाळीवरही ताव लावायचा. इंजिन लवकर तापतं आणि पेट्रोल वाचतं, असं त्याचं म्हणणं. उन्हाळ्यात मात्र तो काढायलाच हवा, नाहीतर रेडिएटरला वारा लागत नाही. आता उन्हाळा लागला हे कसं ओळखायचं? आमच्याकडे त्याचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे: होळी जळाली, थंडी पळाली. दादा ते अक्षरशः पाळायचा. दिवाळी झाली की ताव चढवायचा आणि होळीच्या संध्याकाळी उतरवायचा.

त्या वर्षी महाशिवरात्रीलाच ऊन पेटलं. दुपारी दुकानाच्या शटरला हात लावता येईना. मी म्हटलं, "दादा, काढ बरं ते जाळीवरचं." तो म्हणाला, "होळी जळाली की काढतो. घाटात अजून गार असतं." त्याचं खोटं नव्हतं. तो रोज दिवस मावळता घाट चढायचा, तेव्हा गारच असायचं.

होळीच्या आदल्या दिवशी रविवार होता. भर दुपारी चुलतीचा फोन आला, "लवकर निघा. घरघर लागल्यावानी करायली." दादानं मला चौकातून घेतलं. दौलताबाद मागं पडलं. घाट अर्धा चढलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला, मग बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. गाडी कडेला लावून आम्ही उतरलो. जाळीवर तो ताव होता, मी मापात कापलेला, चारही कोपऱ्यांवर नीट बांधलेला.

कटर नव्हता. दादानं तो हातानं ओरबाडला, प्लास्टिकची कड त्याच्या तळव्यात घुसली. ताव रस्त्यावर उलटा पडला, त्यावर शाईचा फराटा ओढलेला कुणाचा तरी हसरा चेहरा होता. मागून माणसांनी भरलेली काळीपिवळी जीप आली, मी हात दाखवून थांबवली. म्हटलं, "तू जा, मी थांबते गाडीपाशी." तो नाही म्हणाला. "आन् तिला दवाखान्यात कशात नेऊ? गाडी तर पाहिजे." जीप निघून गेली. तापल्या रेडिएटरचं झाकण उघडता येत नाही, नुसती वाट बघावी लागते. तो बॉनेटवर पुन्हा पुन्हा हात ठेवून बघत होता, आणि मला त्याला मारावंसंही वाटत होतं आणि जवळ घ्यावंसंही.

आम्ही पोचलो तेव्हा दारात बाया जमल्या होत्या.

चुलतीनं नंतर सांगितलं. दुपारचा वारा सुटला आणि कडब्याच्या गंजीवरचा प्लास्टिकचा कागद फडफडायला लागला. "तर मला म्हणती, आला. भाकर कुस्कर. म्या कुस्करली, वाटी आणून ठिवली. तिनं तोंड उघडलं घासासाठी. बोलावलं, तर बोलंना." वाटी तशीच उशाशी होती. भाकर दुधात फुगून वर आली होती.

जमलेले लोक म्हणत होते, नशीबवान होती, लेक आला असं समजून गेली. मलाही त्यात आधार वाटला, आणि मी दादाला तसं बोलून दाखवलं. तो वाटीकडे बघत म्हणाला, "समजून गेली. घास कुठं मिळाला?"

दुसऱ्या दिवशी गावात होळी पेटली. आमच्या घरी पोळी नव्हती, की कुणी नैवेद्य घेऊन गेलं नाही. अंधार पडताना दादा चुलतीकडून विळा घेऊन गाडीपाशी बसला. तळव्याला चिंधी बांधलेली. पोटाखालचे ताव त्यानं काढले, उजवं झाकण काढलं, मग फडफडणारं डावं. मी म्हटलं, "आज कशाला? राहू दे ना." तो म्हणाला, "होळी जळाली की काढतो म्हणलो होतो."

मग तो पुढं गेला. जाळी कालपासून उघडीच होती. तरी त्यानं विळा खाली ठेवला आणि तिच्यावरून हात फिरवून बघितला.