खोटी मान

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. वार्षिक परीक्षा जवळ आली होती आणि तिला इंग्रजीची धास्ती होती. 'आय पिक्ड' आणि 'आय हॅव पिक्ड', दोन्ही झालेल्याच गोष्टी, मग फरक काय, तेच तिला उमगत नव्हतं. सरांनी सांगितलं होतं, घरी कोणाला तरी समजावून सांगा. ऐकणाऱ्याला समजलं तर तुम्हालाही समजलं. घरी मीच होते. चौथी शिकलेली.

मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. ती वही घेऊन माझ्या मागे मागे फिरत म्हणाली, "आई, 'हॅव' लागलं म्हणजे लय आधी झालेलं. नाई लागलं म्हणजे आत्ता झालेलं. समजलं का तुले?"

मला काही समजलं नव्हतं. पण तसं सांगायची मला लहानपणापासून लाज वाटते. मी मान हलवली. तिचा चेहरा फुलला. वही मिटून ती गणिताला लागली.

पेपर देऊन आली ती चप्पल न काढताच पायरीवर बसली. मैत्रिणीशी उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा तिला खरा फरक कळला होता. 'हॅव'चा सगळा प्रश्न उलटा लिहिला होता. दोन दिवस मी तिच्याकडे नीट पाहू शकले नाही. तिसऱ्या दिवशी अंगणातली वाळलेली फुलं गोळा करताना बोलले, "मले तवा समजलं नव्हतं. खोटीच मान हलवली."

"तुयी सवयच हाय," ती म्हणाली. "डॉक्टरसमोर बी मान हलवते, अन् गोळ्या कवा खायच्या ते घरी येऊन मले इचारते."

"मंग मायी मान खरी काऊन मानली?"

"मले वाटलं, मायासाठी तं खरं सांगशीन."

मी टोपली खाली ठेवली. म्हटलं, आता सांग.

"काल फुलं वेचली. कालचा दिवस गेला, तिथं 'हॅव' नाई. पण हे पाह्य, वेचून आणली हायेत, अजून समोर हायेत. तिथं 'हॅव'."

"नाई समजलं."

तिनं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "नाई" म्हणाले.

"किती डाव सांगू वं, आई!"

पेपर तर हातचा गेलाच होता, तरी ती पुन्हा सांगायला लागली. तिसऱ्यांदा मला अर्धं समजलं. अर्धंच समजलं, असं मी तिला सांगितलं.