कापसाच्या गाडीतलं फिजिक्स

फिजिक्स या विषयाने माझ्या वडिलांची राळेगावच्या कापूस बाजारातली अब्रू एका सकाळी जवळजवळ धुळीला मिळवली होती. त्यात वडिलांचा दोष नव्हता आणि फिजिक्सचाही नव्हता. उरलं कोण ते तुम्हीच ओळखा.

गोष्ट अठ्ठावन्न सालची. मी यवतमाळच्या कॉलेजात इंटर सायन्सला होतो, तेही 'बी ग्रुप'ला. ए ग्रुपवाल्यांना गणित असे, ते पुढे इंजिनियर व्हायचे. बी ग्रुपवाल्यांना गणिताच्या जागी बायॉलॉजी, ते डॉक्टर व्हायचे. मी बी ग्रुप का घेतला, तर घरी मी 'गोरगरिबांची सेवा' असं कारण सांगितलं होतं. (खरं कारण गणित होतं. गोरगरीब मला नंतर सुचले.) पण फिजिक्समधून कुणाचीच सुटका नव्हती, दोन्ही ग्रुप एकाच वर्गात बसायचे. पहिली टर्म कशीबशी निभावली. दिवाळीनंतर दुसरी टर्म सुरू झाली, वीज आणि चुंबक आले, आणि त्यांच्या पाठोपाठ कॅल्क्युलस आला!

आमचे सर मोठे दयाळू. फळ्यावर समीकरण मांडून झालं की खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आता इथून पुढे कॅल्क्युलस आहे. बी ग्रुपने थोडा वेळ बाहेर बसायला हरकत नाही. उत्तर आलं की बोलावतो."

आम्ही बाहेर कडुलिंबाखाली. काय सुखाचे दिवस होते ते! आत खडू कुरकुरतोय, वर कोवळं ऊन पानांतून गळतंय, लांबच्या रस्त्यावरून कापसाच्या पांढऱ्याशुभ्र गाड्या एकामागे एक जिनिंगकडे चालल्यात, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येतोय आणि जातोय. मी झाडाला टेकून डोळे मिटायचो. मग माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप यायचा. गावातली माणसं ओसरीवर रांगेत बसायची, मी एकेकाच्या पाठीवर हात ठेवायचो आणि माणूस बरा व्हायचा. (औषधाचा भाग स्वप्नात येत नसे.) एवढ्यात दारातून सरांची हाक यायची, "या रे आत! सिद्ध झालं!" आम्ही आत जाऊन शेवटची ओळ उतरवून घ्यायचो. त्यामुळे माझ्या वहीत प्रत्येक सूत्राची सुरुवात होती आणि शेवट होता. मधलं सगळं कडुलिंबाखाली गेलं होतं.

घरी मात्र मी सांगितलं, "बाबा, सर आम्हाले एवढे मानतात का अवघड भागाले बसूच देत नाहीत."

बाबांनी ही बातमी अर्ध्या तालुक्याला ऐकवली.

बाबांबद्दल सांगायलाच हवं. त्यांचा कापूस म्हणजे कापूस! बाजारात दुसऱ्या कुणाची गाडी आली की व्यापारी कोपरापर्यंत हात खुपसून तळचा कापूस उपसून बघत. ओला आहे का, किडक्या बोंडांची कवडी मिसळलीय का, वजनाला दगड टाकलाय का? बाबांची गाडी आली की कादरशेठ, म्हणजे आमच्या बाजारातले सगळ्यात मोठे आणि सगळ्यात खवट व्यापारी, गाडीकडे नुसतं बघायचे आणि म्हणायचे, "गणपतराव का माल है ना? उतरवा." बस. आमच्याकडे बागाईत नव्हती, माडी नव्हती. गाडीत कुणी हात घालत नाही, ही बाबांची सगळी मिजास होती आणि त्या मिजाशीवर ते ताठ चालायचे.

तर नाताळच्या सुटीत मी गावी आलो. येताना फिजिक्सचं जर्नल आणलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, चांगलं वजनदार. टर्मभरातले उरलेले प्रयोग त्यात लिहून सुटी संपताच सरांना द्यायचे होते. जर्नल नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी बजावलं होतं. (याच एका वाक्याला त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं नाही.)

आणि घरात बसायला जागा कुठे होती? कापसाचा दुसरा वेचा नुकताच घरात आला होता. वेचाईच्या दिवसांत आमच्याकडे माणसं ओसरीवर राहायची आणि घरात कापूस राहायचा. मधली खोली जवळजवळ आढ्यापर्यंत भरलेली. मी जर्नल, पेन्सिल आणि खिशात भाजलेल्या शेंगा घेऊन त्या ढिगावर चढलो. वर कवेलूच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती आणि तिच्यात कापसाचे बारीक रेशे तरंगत होते, इतके हळू की वर चाललेत का खाली ते कळू नये. कापूस दिवसभराचं ऊन पिऊन ऊबदार झालेला. मी 'तारेचा रोध काढणे' हे शीर्षक लिहिलं. त्याखाली रेघ मारली. रेघ मारता मारता ढीग मला हळूहळू आत घेत गेला. खालून मायची हाक आली, "मधू, अभ्यास करून राह्यला का झोपून राह्यला बे?"

"अभ्यास!" असं मी म्हटलं, की म्हटल्याचं स्वप्न पडलं, ते आजही मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी भरायची होती. गड्यांनी कापसाची मोठमोठी गाठोडी बांधून अंगणात आणली आणि गाडीत ओतली. गाडीत उभं राहून कापूस तुडवायचं काम माझ्याकडे होतं. हे काम मला फार आवडायचं. ढगावर नाचल्यासारखं वाटतं! मी कंबरभर कापसात उड्या मारत होतो, उजाडत होतं, आणि तोंडाने फिजिक्सची सूत्रं म्हणत होतो. एकदा पायाला काहीतरी टणक लागलं. गाडीची फळी असेल म्हणून मी त्यावर आणखी दोन उड्या मारल्या.

बाबा गाडी घेऊन निघून गेले. मी न्याहारी केली, हात धुतले, अभ्यासाला बसावं म्हणून जर्नल शोधायला गेलो. खोलीत ना ढीग, ना जर्नल! जमिनीवर चार शेंगांची टरफलं तेवढी होती.

"माय, मायं जर्नल कुठं गेलं?"

"मले काय माहीत? तूच त घेऊन चढलता ना वरतं!"

तेव्हा मला त्या टणक फळीची आठवण आली.

सायकल घेतली आणि राळेगावची वाट धरली. चाकात हवा कमी, पायात वहाण नाही, नेहरू शर्टाला पाठीमागे कापूस चिकटलेला. बाजारात पोहोचलो तेव्हा बाबांची गाडी कादरशेठच्या पुढ्यात उभी होती. शेठ नेहमीसारखे म्हणत होते, "गणपतराव का माल है ना? उतर—"

आणि मी लांबूनच बोंबललो, "थांबा! थांबा! गाडीत हात घालू नका!"

सगळा बाजार थांबला. बैलसुद्धा रवंथ करायचे थांबले असं मला वाटलं. इतक्या वर्षांत बाबांच्या गाडीत हात घालायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते मी आणून दिलं!

कादरशेठने माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात खुपसला. कोपर गेलं. दंड गेला. मग त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी हात ओढला, आणि कापसाच्या फुलोऱ्यातून माझं फिजिक्स बाहेर आलं.

"ये क्या है, गणपतराव?"

गेल्याच हप्त्यात एकाच्या गाडीत दगड निघाले होते आणि त्याला बाजाराने तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती. आजूबाजूचे गाडीवान उतरून आले. कुणीतरी म्हणालं, "दगडं महाग झाले वाट्टे!" बाबांची मान खाली गेली. ती मान मी त्याआधी कधीच खाली गेलेली पाहिली नव्हती. मला रडू यायला लागलं.

मी पुढे झालो. "शेठ, ते मायं हाये. कालेजातलं. चुकून गेलं."

"तुयं हाये?" शेठ म्हणाले. "तो फिर बता, क्या लिखा है इसमें?"

त्यांनी जर्नल आपल्या दिवाणजींकडे दिलं. दिवाणजी मॅट्रिक होते आणि इंग्रजी वाचायची संधी शोधतच असायचे. त्यांनी मधलंच एक पान उघडलं. "हे समीकरण. याच्यावरून हे उत्तर. सांग बरं, कसं आलं?"

"वरचं मांडलं... आन् मंग खालचं आलं."

"मधात काय केलं?"

"मधात... मधात आम्ही कडुलिंबाखाली होतो."

बाजार हसला. शेठ हसले नाहीत. "पोट्ट्याले आपलंच पुस्तक समजत नाही? गणपतराव, ये इसका नहीं है."

"मधू," बाबा हळूच म्हणाले, "सांग ना बाबू. तुले त सर लय मानतात ना?"

परीक्षा अनेक दिल्या, पण एवढी अवघड तोंडी परीक्षा मी जन्मात दिलेली नाही. दिवाणजी पान उलटत, प्रश्न विचारत, आणि मी बैलांकडे बघत राही. चुंबकाचं विचारलं, नाही आलं. भिंगाचं विचारलं, नाही आलं. "हा आलेख असा वाकडा काहून?" विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की त्या वेळी माझ्या कोपराला शेजारच्याचा धक्का लागला होता.

तेवढ्यात दिवाणजींना एक लाल शाईचा शेरा सापडला. त्यांनी घसा खाकरला. "इथं इंग्रजीत लिवलं हाये, मराठीत सांगतो. 'विद्यार्थी वर्गात जागा नसतो.'" पुढचं पान. "'हे आकडे शेजाऱ्याचे आहेत. त्याचेही चुकले आहेत.'" बाजार कान देऊन ऐकत होता. "'मधुकर, प्रयोग झोपेत करू नये. विजेचा धक्का बसतो.'" असे अकरा शेरे निघाले. दिवाणजींनी एकही सोडला नाही. दोन तर लोकांच्या आग्रहावरून पुन्हा वाचले!

कादरशेठने जर्नल मिटलं आणि माझ्या हातात दिलं. "पोट्ट्याचंच हाये," ते गर्दीला म्हणाले. "वजनासाठी कोणी टाकलं असतं त शहाण्या पोराचं टाकलं असतं. असलं पुस्तक दुसरा कोणी मायं म्हणनच नाही." मग त्यांनी मूठभर कापूस घेतला, नाकाशी नेला, चिमटीत धागा ओढून पाहिला. "गणपतराव, माल एक नंबर. कोरडा, साफ. पोट्टं तेवढं ओलं हाये. त्याले थोडं ऊन दाखवा."

बाबांची मान वर आली आणि माझी खाली गेली ती आजतागायत. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला जो आनंद झाला, तसा पुढे कुठल्याही निकालाने झाला नाही.

परत येताना रिकाम्या गाडीत मी पाय सोडून बसलो होतो. बाबा गाडी हाकत होते. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं, बाया ओटी बांधून कापूस वेचत होत्या, ऊन मऊ झालं होतं. मग त्यांनी विचारलं, "ते कॅल्क्युलस म्हंतात ते काय असते रे?"

"मले नाही माहीत, बाबा. ए ग्रुपवाले सांगत होते, लय बारीक बारीक तुकडे करतात आन् मंग ते सारे जोडतात."

बाबांनी शेताकडे बघितलं. "म्हंजे एक एक बोंड वेचायचं आन् गाडी भरायची. याच्यात बाहेर काढण्यासारखं काय हाये?"

घर जवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मायले नोको सांगू. तिले तू हुशार वाटतं."

जर्नल मी वेळेवर दिलं. परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले, पण आख्ख्या बाजारापुढे नापास झालेल्या माणसाला दोन परीक्षकांची काय भीती? मी अजिबात न घाबरता एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. लेखीच्या जोरावर काठावर सुटलो. डॉक्टर होण्याइतके मार्क मात्र काही पडले नाहीत आणि गोरगरीब वाचले.

बाबांच्या गाडीत पुन्हा कुणी हात घातला नाही. दरसाल गाडी पुढ्यात उभी राहिली की कादरशेठ फक्त एक प्रश्न विचारायचे, "गणपतराव, यंदा पोट्टं कुठं झोपते?"

आणि माझे बाबा, ज्यांनी बाजारात जन्मात खोटं सांगितलं नाही, ते साऱ्या बाजारादेखत छाती काढून सांगायचे, "कालेजात!"

"मंग उतरवा."