आम्ही की आपण?

“ह्या ‘वी’मध्ये मी आहे का?”

कुणी आपलं लिखाण वाचून दाखवत असलं आणि त्यात ‘वी’ हा इंग्रजी शब्द आला, की पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर टक्कन वाजायचं आणि हा प्रश्न यायचा. मग वाचणारा आधी गोंधळायचा, मग चिडायचा आणि शेवटी शब्द बदलायचा.

अमेरिकेतल्या कॅरी गावच्या लायब्ररीत दर शनिवारी सकाळी ती लेखनाचा वर्ग घ्यायची. मूळची फिलिपिन्सची, कवयित्री आणि कथाकार. उंची जेमतेम पाच फूट आणि जुलैतही अंगात स्वेटर. सगळे तिला ‘आते’ म्हणत. मला वाटलं, वा, इथेही आत्या! तिच्या भाषेत आते म्हणजे ताई, हे कळेपर्यंत मी तिला आत्या करून टाकलं होतं. मी चूक कबूल केली तर ती खूश. “बापाची बहीण? चालेल. प्रमोशन झालं माझं.” आता आत्याला कोण अहोजाहो करतं?

तिच्या आईनं तिला नर्सिंगला घातलं होतं. ते सोडून ती स्कॉलरशिपवर साहित्य शिकायला अमेरिकेत आली, तर आई पुढची तीन वर्षं फोनवर फक्त हवामान विचारायची. पहिला कवितासंग्रह हातात पडला तेव्हा आईनं विचारलं, “ह्यात माझ्याबद्दल काही वाईट नाही ना?” नंतर आणखी एक संग्रह आला, दुसऱ्यांची घरं सांभाळणाऱ्या बायकांच्या कथा आल्या आणि अकरा वर्षं खाऊन एक कादंबरी आली. तरी फिलिपिन्सची बाई म्हणजे नर्सच असं धरून अनोळखी माणसं तिला बघून विचारायचीच, “कुठल्या हॉस्पिटलमध्ये असता?” ती शांतपणे म्हणायची, “आज सुट्टी आहे.”

मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरते. बाबा गेले आणि काहीतरी लिहावंसं वाटायला लागलं, म्हणून वर्गात गेले. बाबांवर इंग्रजीत दोन पानं लिहून नेली. ऐकून ती म्हणाली, “फार स्वच्छ आहे गं. हॉटेलातल्या टॉवेलसारखं. तुझ्या भाषेत लिहून आण.”

“तुला कळणार कसं?”

“आधी ऐकू तर दे.”

पुढच्या शनिवारी मी मराठीत एकेक वाक्य वाचून लगेच त्याचं इंग्रजी सांगत गेले. ‘आम्ही बाबांना शेवटचा निरोप दिला’ इथं आले. ‘वी’ म्हटलं आणि टक्कन पेन्सिल वाजली.

“आमच्या भाषेत दोन ‘वी’ आहेत,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्याला धरून ‘तायो’. त्याला वगळून ‘कामी’. तुमच्यात?”

जन्मभर मराठी बोलले, पण हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. “आहेत की! आपण आणि आम्ही.”

ती ताडकन उठली. दोन्ही शब्द तिनं माझ्याकडून फळ्यावर देवनागरीत लिहून घेतले आणि गावाकडचं माणूस भेटावं तशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. “इथे कुठला आहे?”

“आम्ही.”

“म्हणजे मी नाही. बरोबर आहे. पण तू आहेस का?”

मी नव्हते. व्हिसाचं रिन्यूअल अडकलं होतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. नाशिकला भावानं सगळं केलं आणि मी इथं किचनमध्ये चहाच्या डब्याला फोन टेकवून व्हिडिओ कॉलवर बघत होते. भेटेल त्याला मात्र ‘आम्ही सगळं नीट पार पाडलं’ असं सांगत सुटले होते. एकाही मराठी माणसानं ते पकडलं नव्हतं. हिला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं.

“खोड ते,” ती म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा मीही इथेच होते. मीही ‘कामी’ लिहिलं होतं. कादंबरीतलं ते एक पान दुरुस्त करायला चार वर्षं गेली माझी.”

मी लिहिलं, ‘भावानं निरोप दिला. मी फोन बघत होते.’ आणि मग भर वर्गात रडले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

तो लेख एका दिवाळी अंकात छापून आला. तिनं अंक उलटा धरून भरपूर कौतुक केलं. त्यानंतर तिच्या प्रत्येक मेसेजखाली सहीऐवजी ‘आपण’ असायचं, माझ्याकडून शिकलेल्या देवनागरीत.

मागच्या हिवाळ्यात आजारपणात ती गेली. तिच्या माघारी पहिल्या शनिवारी आम्ही सगळे आलो. वर्ग संपला की एकानं आपल्या भाषेत वर्गाच्या वहीत एक ओळ लिहायची आणि तिला वाचून दाखवायची, अशी तिची पद्धत होती. त्या दिवशी पाळी माझी होती. मला फार लिहावंसं वाटत होतं, ‘आज आपण भेटलो.’ ‘आ’ लिहिला आणि थांबले. ती असती तर पेन्सिल वाजली असती.

मी लिहिलं, ‘आज आम्ही भेटलो.’ आणि तिच्या खुर्चीकडे बघून मोठ्यानं वाचलं.