ज्या पुस्तकावर एकही तारीख नव्हती

"ये गं, पुढे ये. लाजू नको," आबा माइकवरून म्हणाले.

मी पाहुण्यांसाठी पाणी भरत होते. हातात जग होता. वाचनालयाचा वर्धापनदिन, समोर सगळा गाव खुर्च्यांवर, पहिल्या रांगेत मोठी माणसं. जग कुठे ठेवावा सुचेना, म्हणून तसाच घेऊन स्टेजवर चढले.

"ही आमच्याकडे साफसफाईला आहे. नवापूरकडच्या डोंगरातली. आपल्या वाचनालयात राहून हिलासुद्धा पुस्तकांची गोडी लागली," आबा म्हणाले. आबा म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आबांनी टेबलावरचं एक पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. पातळ, चकचकीत. कव्हरवर दारूची बाटली आणि तिच्यावर लाल फुली.

"घरी ने. बापाला वाचून दाखव. तुमच्या लोकांना याची फार गरज आहे."

परत टाळ्या. आणि मी काय केलं? हसले. "थँक्यू आबा" म्हणाले. एका हातात जग, दुसऱ्या हातात ती बाटली, आणि मी दात काढून हसतेय. ते हसणं आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. आबांवर होतो त्यापेक्षा जास्त माझ्यावर.

ही गेल्या वर्षीची गोष्ट.

वाचनालय तापीकाठच्या एका मोठ्या गावातलं. शहाद्याहून एसटीनं अर्धा तास. गावाचं नाव सांगत नाही, पुस्तकांचीही नावं सांगणार नाही. नावं घेतली की लोक पुस्तकावर बोलत बसतात आणि माझं राहून जातं.

कागदावर मी साफसफाई. पण ग्रंथपाल भाऊसाहेब दुपारी एकला जेवायला घरी जातात ते चारला उगवतात. तोवर काउंटर माझं. पुस्तक द्यायचं, रजिस्टरला लिहायचं, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर शिक्का मारायचा. सात वर्षं मारतेय. कुठलं पुस्तक किती हिंडलं ते मला चिठ्ठी बघून कळतं.

लोक विचारतात, "ताई, काहीतरी चांगलं दे." मी देते. केळीवाला एक शेतकरी आहे, त्याला शेतीचं पुस्तक दिलं तर चिडतो. त्याला ग्रहताऱ्यांचं लागतं. कॉलेजच्या मुली स्पर्धा परीक्षेचं जाडजूड वर धरतात आणि खाली प्रेमाची कादंबरी, मी दोन्हींवर शिक्का मारते आणि काही बोलत नाही. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर नाना आहेत. त्यांची बायको गेली तेव्हा म्हणाले, "पोरी, जेम्हा कोनी मरस नही असं दे." तीन दिवस शोधलं. शेवटी एका माणसाच्या कुत्र्यांचं पुस्तक सापडलं, आधी मी पूर्ण वाचून काढलं, कुत्रं मरतंय का बघायला. मरत नाही. मग दिलं.

तर आमच्याकडे पद्धत अशी. दाराजवळ हिरवा फळा आहे, 'वाचक सुचवतात'. वर्धापनदिनाच्या आधी सभासद कार्डावर लिहून टाचणीनं लावतात. पुस्तक कुठलं, कोणासाठी, वय, आवड, कारण, खाली नाव. त्यातली निवडक कार्डं छापून छोटी पुस्तिका काढतात. फळ्यावर आणि पुस्तिकेत रकाने तेच: बालांसाठी, तरुणांसाठी, गृहिणींसाठी, शेतकऱ्यांसाठी, ज्येष्ठांसाठी. शेवटच्या पानावर 'आदिवासी बांधवांसाठी'. बालांना पऱ्या, तरुणांना साहस, गृहिणींना पाककृती आणि कादंबऱ्या, ज्येष्ठांना तीर्थयात्रा. आणि आम्हाला दारू सोडा, हात धुवा, अंगारे-धुपारे करू नका. वय नाही. आवड नाही. आम्ही सगळे एकाच वयाचे आणि आम्हाला कसलीच आवड नाही.

मी हे सहा वर्षं वाचत होते आणि काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. पुस्तिकेच्या घड्या घालून पिना मारायचं काम माझंच होतं.

आठवडाभर मी त्याच गावात राहते, रविवारी घरी जाते. ते बाटलीचं पुस्तक तेव्हा नेलं. लपवायचं होतं, पण पिशवीतून भाकरी काढताना बापाला दिसलं. माझा बाप नवापूरच्या पोल्ट्रीत कामाला जातो. चौथीपर्यंत शिकलेला. अक्षराखाली बोट ठेवून वाचतो, पण वाचतो. मुलीनं वाचनालयातून पुस्तक आणलं म्हणून त्याला केवढा आनंद. ओट्यावर बसला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. मी आत भांडी घासत होते. आता थांबेल, मग थांबेल. थांबला नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं वाचलं.

मग चष्मा काढला आणि आमच्या बोलीत मला विचारलं, "हे तुला कोणी दिलं? तू त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं," मी म्हणाले. त्याला ते पटलं नाही. महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

माझा बाप पितो की नाही, ते मी इथे सांगणार नाही. वाचणाऱ्याला ते विचारावंसं वाटत असेल, तर त्यानं स्वतःलाच विचारावं की का वाटतंय. आबांचा बाप प्यायचा का, हे त्या स्टेजवरून कोणी विचारलेलं नाही.

परत आल्यावर मी ते पुस्तक कपाटात ठेवायला गेले आणि शेवटचं पान उघडलं. चिठ्ठी कोरी. एक तारीख नाही. शेजारचं काढलं, कोरी. आमच्या नावाच्या पानावरची अकराच्या अकरा पुस्तकं मी तिथंच जमिनीवर मांडली. अकरा चिठ्ठ्या कोऱ्या. चार पुस्तकांची तर पानंसुद्धा एकमेकांना चिकटलेली, उघडताना कर्रकर्र आवाज आला. दरवर्षी कोणीतरी सुचवत होतं, कोणीतरी छापत होतं, मी पिना मारत होते. वाचलं होतं फक्त माझ्या बापानं. त्या दिवशी मी जमिनीवरून उठले ती दुसरीच कोणीतरी होऊन उठले.

बापाला मला वेगळं काही द्यायचं होतं. पण मी सभासद नाही. सभासद व्हायला अर्जावर गावातल्या दोन सभासदांच्या सह्या लागतात, आणि मी मागितल्या की भाऊसाहेब म्हणायचे, "तुला कशाला? तुझ्या तर हाताखालीच आहेत सगळी." नानांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "मन्हा नंबरवर लिखी ले."

त्यांच्या नंबरवर मी रहस्यकथा नेली. मोठ्या अक्षरातली. बापानं अकरा दिवस घेतले. मग शेजाऱ्याच्या फोनवरून मला फोन केला, एवढंच म्हणायला की, "मुनीम आहे गं चोर. मला आधीच कळलं होतं." महिन्यानंतरचा त्याचा पहिला फोन. मला काउंटरवर हसू की रडू असं झालं.

यंदा फळा लागला तसं मी कार्ड लिहिलं. पुस्तक ते रहस्याचं. कोणासाठी: हळू वाचणाऱ्या माणसासाठी. वय: साठच्या आसपास. आवड: चोर कोण ते ओळखणं. कारण: माझ्या वडिलांनी दोनदा वाचलं. खाली माझं नाव. आणि लावलं कुठे? 'आदिवासी बांधवांसाठी' या अक्षरांच्या बरोबर खाली.

दुसऱ्या दिवशी आबा आले. त्यांनी कार्ड वाचलं. स्टेजवर आबा पुस्तकातली मराठी बोलतात, आमच्याशी अहिराणी.

"हाई कोनी लायं?"

"मी."

"तू सभासद शे का?"

"नाही, आबा."

"आठे सभासदनी लिखानं ऱ्हास. तू झाडू मार."

म्हणजे इथं लिहायचं ते सभासदांनीच. टाचणी काढली, कार्ड टेबलावर टाकलं, आणि भाऊसाहेबांनी चहा पुढे केला तेव्हा आबांनी कप त्या कार्डावर ठेवला. मुद्दाम ठेवला असता तरी एक बरं होतं. ते भाऊसाहेबांशी मंडपाचं बोलत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. कप उचलला तेव्हा बापाच्या वयावर गोल डाग पडला होता. मी कार्ड पुसलं आणि रजिस्टरमध्ये ठेवलं.

मग वर्धापनदिन. तोच मंडप, तोच जग. मी मनाशी ठरवलं होतं, यंदा मागेच राहायचं. पण आबांनी हाक मारली. गेले. मला वाटलं पुस्तक देतील, घेऊन खाली उतरू.

"गेल्या वर्षी आपण हिला एक पुस्तक दिलं होतं, आठवतंय?" आबा लोकांना म्हणाले. मग माइक माझ्या तोंडापुढे धरला. "सांग बरं सगळ्यांना. बापात काही फरक पडला का?"

लोक हसले. वाईट हेतूनं नव्हे, कौतुकानं. ते जास्त लागलं. आबांच्या दुसऱ्या हातात नवं पुस्तक तयार होतं, हात धुण्याचं. माझ्या डोळ्यांसमोर बाप आला, ओट्यावर, चष्मा लावून, प्रत्येक अक्षराखाली बोट.

मी ते पुस्तक घेतलं. शेवटचं पान उघडलं.

"आबा, तुम्ही हे वाचलंय का?"

आबा हसले. "अगं, आम्हाला काय गरज?"

"याच्यावर एकही तारीख नाही," मी माइकमध्ये म्हणाले. आवाज चिरकला, पण गेला शेवटपर्यंत. "आमच्यासाठी तुम्ही अकरा पुस्तकं सुचवता. एकावरही शिक्का नाही. शिक्का मीच मारते. कोणी वाचलेलीच नाहीत ती. माझ्या बापानं एक वाचलं, आणि मला विचारलं, तू माझ्याबद्दल काय सांगितलंस म्हणून. मी कार्ड लावलं होतं त्याच्यासाठी. तुम्ही त्याच्यावर कप ठेवला. हे मी नेणार नाही."

पुस्तक टेबलावर ठेवलं. माइक कोणीतरी बंद केला होता, कधी ते कळलं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. चौथ्या रांगेत नाना बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर भाऊसाहेब मांडवाच्या मागे आले. घामाघूम. "काय करून बसलीस? सोमवारपर्यंत माफीनामा लिहून आण. भर सभेत अध्यक्षांचा अपमान केला म्हणून. आणि दुसऱ्याच्या नंबरवर पुस्तक नेलं, तेही लिही. नाहीतर येऊ नको."

म्हणजे रजिस्टर लगेच तपासून झालं होतं. सात वर्षं मी काय काय केलं ते कोणी तपासलं नाही, हे मात्र तासाभरात सापडलं.

नाना फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "मी बोलाले पायजे व्हतं. बोलनू नही." त्यांनी बोलायला पाहिजे होतं, हे खरंच होतं. माझी एसटी निघायची वेळ झाली होती.

घरी आले. बापाला सगळं सांगितलं, गेल्या वर्षीच्या हसण्यासकट. ते सांगायला सगळ्यात जड गेलं. त्यानं ऐकून घेतलं.

"काढून टाकतील तुला?"

"टाकतील बहुतेक."

घरात दुसरा पगार नाही, पोल्ट्रीचं काम रोजचं नसतं, हे दोघांनाही माहीत. मग म्हणाला, "ते दुसरं चोराचं पुस्तक आणलं होतंस ना, ते लगेच परत मागतील का? माझं अर्धं राहिलंय."

"मागू देत. तू वाच."

आज रविवार. दुपार. बाप ओट्यावर वाचतोय. मी समोर माफीनाम्याचा कागद घेऊन बसले. 'मा. अध्यक्ष यांस' एवढं लिहिलं आणि हात थांबला. कागद बाजूला सारला. पिशवीतून एक कोरं कार्ड काढलं आणि लिहिलं.

पुस्तक: कव्हरवर बाटली आणि लाल फुली असलेलं. कोणासाठी: आबांसाठी. वय: सत्तर. आवड: दुसऱ्याच्या बापाची काळजी. कारण: तुम्ही दरवर्षी सुचवता, एकदा वाचा. वाचून झालं की मला सांगा, मी शिक्का मारते.

खाली माझं पूर्ण नाव. बापाचं नाव. गावाचं नाव.

दुसऱ्याच्या नंबरवर पुस्तक नेलं, हेही वेगळ्या कागदावर लिहिलं. नेलं म्हणून लिहिलं. चुकलं असं लिहिलं नाही. खाली सभासदत्वाचा अर्ज जोडला. सह्यांच्या दोन जागा मोकळ्या आहेत. एका जागेसाठी उद्या नानांकडे जाणार, आणि या वेळी त्यांना मान वर करून उत्तर द्यायला लावणार.

वाचनालयाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सोमवारी साडेदहाला कुलूप मी उघडणार. आधी फळ्यावर दोन कार्डं लावणार, डाग पडलेलं आणि हे. काढली तर परत लिहिणार. किल्ली काढून घेतली तर कार्डं बाहेरच्या फाटकाला लावणार. माफी लिहिणार नाही.