रोजचा उपवास

नाशिकला सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअर सांभाळते. दुपारी जेवायला आम्ही चौघं एकत्र बसायचो: मी, डिस्पॅचचा क्लार्क, इलेक्ट्रिशियन आणि कळवणकडचे लेथवाले दादा. डबे उघडून टेबलाच्या मध्ये ठेवायचे, मग कोणाचं काय हे विचारायचं नाही. खरं तर सगळ्यांचा डोळा दादांच्या डब्यावर. वहिनींच्या हातची शेवभाजी म्हणजे, अहाहा! वहिनींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात एका सोमवारी दादा म्हणाले, "आज उपवास हाय ताई, तुम्हीच खा."

"मग डब्यात भाकरी कशी?"

"घरी सांगितलं नाय. ती उपवास करू देत नाय मला. डबा तसाच नेला तर लय ओरडंल, तेवढा संपवा."

संपवला. त्यात काय एवढं! मग गुरुवार दत्ताचा आला, मंगळवार गणपतीचा. दादा समोर बसून ताक प्यायचे, तेही घोट घोट, मान वर करून. पँट कमरेवर राहीना. क्लार्क म्हणाला, "दादा, रिटायर व्हायच्या वयात हिरो होणार काय?" आम्ही खो खो हसलो. दादाही हसले आणि हसता हसता त्यांनी गळा दाबून धरला. मला ते दिसलं होतं. मी भाजी वाढून घेतली.

डबा मात्र वाढत चालला. दोनाच्या तीन भाकरी झाल्या, मग चार, वर शिरा. आमची चंगळ.

एका बुधवारीही त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी म्हटलं, "अहो, बुधवार कुठल्या देवाचा? की यादी संपली म्हणून नवा काढलात?"

"असतो एक," दादा म्हणाले. आवाज पार बसला होता. तरी मी भाकरी मोडलीच, मेली जीभ!

पुढच्या महिन्यात दादा कामावर यायचे थांबले. द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात आम्ही तिघं भेटायला गेलो. अन्ननलिकेत गाठ होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की फार उशीर झालाय. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी नेहमीसारखी बोलून गेले, "वहिनी, माणूस निम्मा झाला, तुमच्या लक्षात कसं नाही आलं?"

"आलं ना ताई. रोज म्हणायची, डॉक्टरला दाखवा. तर म्हणायचे, मला काय धाड भरलीय, डबा बघ. संध्याकाळी जेवायचे नाय, म्हणायचे दुपारचंच लय झालं. डबा तर चाटूनपुसून रिकामा यायचा. मग मी अजून भरून द्यायची."

इलेक्ट्रिशियन उठून खिडकीपाशी गेला. क्लार्क मान वर करेना.

वहिनींनी माझा हात धरला. "तुमच्यासंगच बसायचे ना? जेवायचे ना ते?"

"हो," मी म्हटलं. "पोटभर."